सत्काराच्या दिवशी स्क्रेपर दुसऱ्याच्या हातात द्या

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड घसरवत लक्ष्यापर्यंत नेण्याचा खेळ. कर्लिंग क्लबात स्वयंसेवकांचा सत्कार म्हणजे बहुतेकदा काय? हंगाम संपताना एक जेवण, एक प्रमाणपत्र, दोन मिनिटं टाळ्या. आपल्या शाल-श्रीफळासारखंच: देणाऱ्याचं समाधान होतं आणि घेणारा पुन्हा खुर्च्या उचलायला लागतो. कॅनडा-अमेरिका सीमेजवळच्या क्लबांनी त्याऐवजी पलीकडच्या क्लबाशी मैत्रीचा सामना ठेवावा आणि दोन्हीकडून फक्त स्वयंसेवकच खेळवावेत, हे माझं ठाम मत. विंडसर आणि डेट्रॉइटच्या मध्ये तर फक्त एक नदी आहे.

ही परंपरा जुनीच आहे. गॉर्डन मेडलसाठी कॅनडा आणि अमेरिकेचे क्लब 1884 पासून खेळत आले. 1902-03 च्या हिवाळ्यात स्कॉटलंडचा संघ कॅनडात आला, त्यातून स्ट्रॅथकोना कपाचे दौरे सुरू झाले. त्या कपाची एक गोष्ट उचलण्याजोगी आहे: कोणत्या देशाने किती सामने जिंकले हे मोजत नाहीत, सगळ्या सामन्यांतल्या गुणांची बेरीज करतात. स्वयंसेवकांच्या सामन्याला हेच मोजमाप हवं. तुमचा संघ 7-2 ने मागे असला तरी शेवटच्या एंडमधला (एंड म्हणजे दोन्ही संघांचे सगळे दगड एकदा सोडून होण्याचा डाव) एक गुण देशाच्या खात्यात जातोच, त्यामुळे कोणी हातपाय गाळत नाही. धोका एवढाच की एखादा तगडा संघ नवख्यांना 14-1 ने तुडवतो आणि अख्खा निकाल त्या एका शीटवर (सामन्याच्या बर्फाच्या पट्टीवर) ठरतो. म्हणून प्रत्येक संघात एक अनुभवी स्किप (कप्तान) आणि एक अगदी नवखा लीड (पहिले दगड सोडणारा) ठेवा. चार मित्रांनी मिळून संघ बनवायची मुभा देऊ नका, कितीही गळ घातली तरी.

चार शीटचा क्लब असेल तर एका वेळी 8 संघ, म्हणजे 32 माणसं. आठ एंडला दोन तास सहज जातात. सहा एंड ठेवा. प्रत्येकाचे एंडला 2 म्हणजे 12 दगड होतात, तेवढे पुरतात. दोन्हीकडून मिळून आणखी 32 जण येत असतील तर दोन फेऱ्या घ्या आणि मध्ये पाऊण तास मोकळा ठेवा. हा पाऊण तास जेवणासाठी नाही, बर्फासाठी आहे.

असे दिवस फसतात ते इथेच. क्लबात बर्फ उत्तम करणारी माणसं दोन-तीन, आणि नेमकी तीच सत्कारमूर्ती. सकाळी त्यांनी स्क्रेपर (बर्फ तासून सपाट करणारं पात्याचं यंत्र) फिरवायचा, पेबल मारायचं (पाण्याचे थेंब फवारून बर्फावर बारीक दाणे बनवायचे), मग खेळायचं, मग पुन्हा पेबल! तिसऱ्या एखाद्या क्लबाचा आइसमेकर (बर्फ तयार करणारा) त्या दिवसापुरता पैसे देऊन बोलवा. स्क्रेपरचं पातं नवख्याच्या हाती देऊ नये; चाल वाकडी गेली की बर्फावर कडा उरतात आणि दगड तिथे वळण सोडतो. पेबल मारणं मात्र लीगमधले धडधाकट खेळाडू शिकू शकतात, फक्त महिनाभर आधी लीगच्या संध्याकाळी सरावाला लावा. पाणी क्षार काढलेलं आणि गरम हवं. गार पाण्याचे थेंब बर्फाला नीट धरत नाहीत, दगडाखाली सुटून येतात. पाठीवर टाकी घेऊन उलटं चालायचं, हात एका लयीत हलवायचा, आणि पहिला झोत शीटबाहेर सोडायचा. फवाऱ्याच्या तोंडातून एक जाड थेंब गळला तरी तिथे टेकाड होतं आणि चांगला सोडलेला दगड भरकटतो. शेवटी दाण्यांचे शेंडे पात्याने छाटायचे आणि चुरा पुसून काढायचा.

भाषणं बर्फावर नकोत. दोन्ही देशांचे झेंडे, बॅगपाइप, शीटवर उभे राहून फोटो, सगळं छान दिसतं. पण 60 माणसांच्या श्वासाने आणि उघड्या ठेवलेल्या दाराने दमट हवा आत येते, बर्फावर दव गोठतं, आणि पहिल्या एंडला अर्धे दगड पलीकडच्या हॉग लाइनच्या (शीटच्या दोन्ही टोकांकडे असलेल्या आडव्या रेषांपैकी एक; दगड ती ओलांडून गेला तरच खेळात राहतो) अलीकडेच अडकतात. रस्त्यावरच्या बुटांनी आलेली वाळू वेगळीच. समारंभ लाउंजमध्ये, खेळ झाल्यावर करा.

स्वयंसेवक म्हणजे फक्त बर्फवाले नव्हेत, हे बऱ्याच समित्या विसरतात. स्वयंपाकघर सांभाळणारे, लीगचं वेळापत्रक लावणारे, हिशेब ठेवणारे, यांतल्या काहींनी कधी दगड सोडलेला नसतो. त्यांना बोलवायचं तर दोन्ही बुटांना ग्रिपर (न घसरणारे रबरी तळवे) द्या, डोक्याला संरक्षण द्या (पहिल्यांदा उतरणारे मागे पडतात, आणि डोकंच आधी आपटतं), आणि दगड उभ्याने, काठीने ढकलून सोडू द्या. दगड जवळपास 20 किलोचा असला तरी तो उचलायचा नसतो, ढकलायचा असतो. काठीने सोडणाऱ्यालाही दगड आपल्या बाजूच्या हॉग लाइनच्या आधीच सोडावा लागतो, एवढं सांगितलं की पुरे. गुडघे दुखणाऱ्या जुन्या मंडळींनाही हीच सोय.

पाहुणा क्लब हॉकीच्या रिंकवर खेळणारा असेल, आणि अमेरिकेत असे पुष्कळ आहेत, तर परतीच्या सामन्यात यजमानांनी तक्रारीचा सूर लावू नये. तिथे बर्फ सपाट नसतो, दगड एका बाजूला ढळतात, कधी अपेक्षेच्या उलट. तिथले स्वयंसेवक दर खेपेला शीटमागे 16 दगड गाडीवर आणतात, हॅक (दगड सोडताना पाय रोवायचा आधार) बसवतात, खेळ झाला की सगळं काढून रिंक रिकामी करून देतात. त्यांचं काम आपल्यापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

सीमेवर: प्रत्येकाचा स्वतःचा पासपोर्ट, यजमान क्लबाचं पत्र (मैत्रीचा सामना, रोख बक्षीस नाही, परतण्याची तारीख), बक्षिसांच्या पावत्या. मांस आणि ताजी फळं डब्यात नकोत. एकाच बसमधून गेलात तर एका माणसाच्या कागदांपायी सगळे ताटकळतात, म्हणून गाड्या बऱ्या. प्रवेश शुल्क यजमान देशाच्या चलनात ठरवा, नाहीतर दोन खजिनदार दोन आकडे सांगतात.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पहिलं पेय द्यायचं, ही कर्लिंगची रीत आहेच. ती पाळा, पण ग्लास कोण धुणार याची यादी आठवडाभर आधी लावा आणि तिच्यात सत्कारमूर्तींपैकी एकाचंही नाव नको. तारीख मार्चच्या शेवटी, लीग संपल्यावर आणि बर्फाचं यंत्र बंद होण्याआधी धरा. जानेवारीत धराल तर हिमवादळात अर्धे पाहुणे पुलापलीकडेच राहतील.