तीन ठिपके उभे की आडवे?

एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत मी दर पंधरा दिवसांनी तंत्रज्ञानावर सदर लिहिते. पान सहा, तळाला, राशिभविष्य आणि शब्दकोडं यांच्या मधोमध. लोक राशीवरून कोड्याकडे जाताना मला असे चुकवून जातात, जसा रोजच्या वाटेवरचा खड्डा चुकवावा.

पहिली दोन वर्षं मी मोठमोठ्या विषयांना हात घातला. 1 ऑक्टोबर 2022 ला देशात 5जी सुरू झालं, तेव्हा मी लेटन्सीवर, म्हणजे निरोप पोचायला लागणाऱ्या वेळेवर, इतका कसून लेख लिहिला की तो पाठवल्यावर स्वतःसाठी वेलची घालून चहा केला. रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या कुमुदकाकूंनी जिन्यातच गाठलं.

"वाचला गं तुझा लेख. छानच. फोटो जुना दिलायस का? बरं, मला एक सांग, माझा फोन 'भरला, भरला' म्हणतोय. कशानं भरला? मी तर त्यात काहीच ठेवत नाही."

मिलिसेकंद म्हणजे काय, हे मी सातशे शब्दांत समजावलं होतं. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं.

संपादकांचंही तेच म्हणणं. "मॅडम, वाचकांचे खरे प्रश्न घ्या ना." त्यांनी एक चौकट छापली, 'तुमचे प्रश्न आम्हाला कळवा'. मला वाटलं पाच-सहा येतील. पहिल्या पंधरवड्यात त्रेपन्न आले. त्यातले निम्मे 'श्री.' असं संबोधून. एकांनी मायना बरोबर 'सौ.' लिहिला होता, पण शेवटी होतं, "तरी यजमानांना विचारून खुलासा करावा." यजमान शाळेत संस्कृत शिकवतात. घरातला वायफाय बंद पडला की ते राऊटरवर हलकेच टिचकी मारतात आणि मला हाक मारतात.

एक पोस्टकार्ड होतं. "माझा मोबाईल हरवला आहे, म्हणून पत्र लिहीत आहे. काय करावे?" मला फार आनंद झाला. हा खरा प्रश्न! प्रत्येक फोनला 15 आकडी आयएमईआय क्रमांक असतो, तो कळवून संचार साथी या सरकारी पोर्टलवर हरवलेला फोन बंद पाडता येतो, हे मला ठाऊक होतं. मी रुबाबात लिहिलं, "आयएमईआय पाहण्यासाठी *#06# दाबा." रविवारी छापून आलं. शुक्रवारी दुसरं पोस्टकार्ड. त्यावर एकच ओळ होती.

"कशावर दाबू?"

पुढच्या सदरात मला लिहावं लागलं की हा क्रमांक फोनच्या खोक्यावर आणि बहुतेकदा बिलावरही असतो, आधी पोलिसांत तक्रार द्या, तिची प्रत लागते, आणि ज्यांचा फोन अजून हरवलेला नाही त्यांनी *#06# आत्ताच दाबून आकडा डायरीत उतरवून ठेवा. यजमान म्हणाले, "हे म्हणजे चोर गेल्यावर कुलपाचं माहात्म्य." मी म्हटलं, राऊटरवर टिचकी मार.

मग मी कुमुदकाकूंचा प्रश्न घेतला. फोन कशानं भरतो? कशानं म्हणजे, शुभ सकाळनं. ही काही माझी एकटीची थिअरी नाही. 2018 साली बातमी गाजली होती की भारतातले फोन एवढे का तुंबतात, याचा शोध घेताना गूगलच्या माणसांना सूर्योदय, गुलाब आणि देव यांची लाखो चित्रं सापडली. व्हॉट्सअॅपवर आलेलं चित्र आपण उघडो न उघडो, ऑटो डाउनलोड चालू असेल तर ते फोनमध्ये उतरतं आणि तिथंच मुक्काम ठोकतं. काकू चौदा ग्रुपमध्ये आहेत.

उपाय सोपा होता. मी लिहिला, "वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर दाबा, सेटिंगमध्ये जा, स्टोरेज अँड डेटा उघडा." वाचकांना सोपं जावं म्हणून ठिपक्यांचं चिन्हही टाकलं. आमच्या वर्तमानपत्रात अजून जुना फॉन्ट आहे. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर त्यात ओतताना 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ही जुनी जखम, तिच्याशी मी जुळवून घेतलं आहे. पण या वेळी तीन उभ्या ठिपक्यांतला एक गळाला. छापून आलं, "कोपऱ्यातल्या ः वर दाबा."

"हा विसर्ग आहे," चष्मा कपाळावर चढवत यजमान म्हणाले.

"मला दिसतंय."

"विसर्गावर नाही दाबायचं. विसर्गाचा उच्चार करायचा. रामः. दाबलास तर..."

तेवढ्यात फोन सुरू झाले. नागपूरच्या एका निवृत्त शिक्षिका, कोपऱ्यात विसर्ग सापडत नव्हता. दुसरे गृहस्थ, ठिपके सापडले होते, पण तीन होते, मग तिसऱ्याचं काय करायचं? आणि तिसरा फोन, ज्यानं माझी झोप उडवली.

"मॅडम, तीन ठिपके उभे की आडवे?"

मी फोन हातात धरून बसले. माझ्या फोनवर उभे. मुलीचा आयफोन घेतला, आडवे. काही ठिकाणी ठिपके नाहीतच, तीन आडव्या रेघा आहेत. काही ठिकाणी दातेरी चाक. "सेटिंगमध्ये जा" हे लिहायला किती सोपं! पण सेटिंग हे गाव प्रत्येक कंपनीनं वेगळ्या तालुक्यात वसवलंय, आणि दर अपडेटला तालुका बदलतो. मी 'एकदा दाबा' लिहिते, तेव्हा एखादे आजोबा दाबून धरतात, आणि वेगळीच खिडकी उघडते. यात चूक आजोबांची नाही. 'दाबा' म्हटलं की माणूस दाबणारच. 'टेकवा' लिहून पाहिलं, तर एका बाईंनी विचारलं, "काय टेकवू, डोकं?"

शेवटी मी कुमुदकाकूंच्या घरीच गेले. म्हटलं, बघू तरी नेमकं अडतंय कुठं.

काकूंनी फोन उघडला. ठिपके त्यांना केव्हाच सापडले होते. "तीन ठिपक्यांत कुठली गं रांगोळी येते, असं मनाशी म्हणाले आणि दाबलं." पुढचं सगळं बिनचूक. स्टोरेज उघडलं, चित्रांची रांग समोर आली. 4,312. आणि तिथं काकूंचं बोट थांबलं. पडद्यापासून दोन इंच वर, थरथरत.

"पुसा की काकू."

"अगं, दत्तगुरू आहेत."

"मग पुढचा पुसा."

"पुढचे स्वामी समर्थ. त्याच्यापुढे गजानन महाराज. गुरुवारचा सगळा माल आहे हा. देव कसा डिलीट करू मी?"

म्हणजे काकूंना रस्ता ठाऊक होता, आणि माझा लेख सातशे शब्द रस्ताच दाखवत बसला होता. त्यांचा प्रश्न धर्मशास्त्राचा होता आणि तो चौकटीत मावला नव्हता. मी जरा विचार केला.

"काकू, देवाची फुलं सुकली की आपण काय करतो?"

"निर्माल्य. विसर्जन करतो."

"मग हे निर्माल्यच नाही का? देव देव्हाऱ्यात आहेतच. ही कालची फुलं."

काकूंचा चेहरा उजळला. मग त्यांनी एकेका चित्राला नमस्कार करून एकेक विसर्जन सुरू केलं. अकराव्या चित्राला मी सांगितलं की एका चित्रावर बोट दाबून धरलं की बाकीची एकदम निवडता येतात. "सगळ्यांना मिळून एकच नमस्कार चालेल?" त्यांनी विचारलं. चालेल म्हटलं. साडेतीन जीबी मोकळी झाली. मग ऑटो डाउनलोड बंद करून मी विजयी मुद्रेनं वर आले आणि हा निर्माल्याचा परिच्छेद सदरात लिहिला. संपादकांनी तो काढला. "छान आहे, पण तांत्रिक नाही."

उत्तर लहान असणं ही या कामातली दुसरी पीडा. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न यूपीआयचा होता. "मला पैसे येणार आहेत, समोरचा म्हणतो पिन टाका. टाकू का?" उत्तर, नाही. पैसे देताना पिन, घेताना कधीच नाही. संपलं. पण सातशे शब्दांच्या जागेत 'नाही' छापून उरलेली जागा कोरी सोडता येत नाही. मग मी यूपीआय 2016 मध्ये सुरू झालं इथपासून सुरुवात केली, पैसे मागण्याची विनंती म्हणजे कलेक्ट रिक्वेस्ट कशी येते याचं सुरस वर्णन केलं आणि 'नाही' हा शब्द बाविसाव्या ओळीत ठेवला. बाविसाव्या ओळीपर्यंत पोचेतो माणूस पिन टाकून मोकळा होतो. पुढं ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीनं व्यक्तीकडे अशी विनंती पाठवायची सोयच बंद झाली, आणि माझं सुरस वर्णन शिळ्या पावासारखं कात्रणांच्या फायलीत पडून राहिलं. 'नाही' मात्र अजून ताजं आहे. हल्ली मी ते पहिल्या ओळीत लिहिते. फसलाच असाल तर लगेच 1930 ला फोन लावा, हे दुसऱ्या ओळीत. पुढच्या सहाशे सत्तर शब्दांत काय लिहायचं, हा माझा प्रश्न. तो विचारायला मला चौकट नाही.

काही प्रश्नांना मात्र हात लावताना मीच काकूंसारखी थबकते. एका आजींनी लिहिलं होतं, "व्हॉट्सअॅपवर आपल्याला कोणी ब्लॉक केले आहे हे कसे ओळखावे? मुलाला मेसेज पाठवते तर एकच टिक येते." एक टिक म्हणजे निरोप निघाला, पोचला नाही. समोरचा फोन बंद असेल, इंटरनेट नसेल, किंवा ब्लॉक केलं असेल. नेमकं काय, ते कळू नये अशीच मुद्दाम रचना आहे. मी फक्त पहिल्या दोन शक्यता लिहिल्या आणि म्हटलं, साधा फोन लावून बघा. यजमानांना मसुदा दाखवला. त्यांनी एकही चूक काढली नाही.

आणि मग नोव्हेंबर आला, आणि नाना.

नाना समोरच्या इमारतीत राहतात, टपाल खात्यातून निवृत्त. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी त्यावर आख्खं सदर लिहिलं होतं. जीवन प्रमाण ही योजना नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाली, 2021 पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, त्यासाठी दोन अॅप लागतात, वगैरे. सगळं बरोबर. फक्त मी स्वतः ते एकदाही करून पाहिलं नव्हतं.

नाना ते कात्रण घेऊन आले. ओळींखाली लाल पेन्सिलीनं रेघा. "तुझ्या लेखात सगळं आहे गं," ते म्हणाले, "फक्त होत नाही."

गेले त्यांच्या घरी. नाना खिडकीपाशी त्यांच्या आरामखुर्चीत बसले. अॅप उघडलं. त्यानं आधी ऑपरेटरचा चेहरा मागितला. ऑपरेटर म्हणजे मी. नाना जिवंत आहेत हे सांगण्याआधी मी आहे हे दाखवणं भाग होतं. मी फोनपुढे डोळे मिचकावले. मान्य झालं. मग फोन नानांकडे वळवला.

"डोळे मिचकवा म्हणतंय, नाना."

नानांनी एकच मिचकावला. स्वयंपाकघरातून काकी म्हणाल्या, "अगं बाई, चाळीस वर्षांत मला नाही कधी मारला तो."

"दोन्ही, नाना. सावकाश."

नाना डोळे मिटून बसले. उघडेनात. "नाना?" "सावकाश म्हणालीस ना." चष्मा काढला, घातला. फोन जवळ, लांब. वर्तुळ काही हिरवं होईना. "आम्ही मनीऑर्डर देताना अंगठा घ्यायचो," नाना कुरकुरले, "पण समोर उभ्या माणसाला 'तू आहेस का' असं कधी विचारलं नाही."

सातव्या प्रयत्नाला काकी चहा घेऊन बाहेर आल्या. नानांकडे बघून म्हणाल्या, "तुमचं तोंडच दिसत नाहीये. मागून ऊन येतंय."

नाना पाठीला खिडकी घेऊन बसले होते. पडद्यावर एक काळी आकृती होती, तिला दोन कान होते. मी सातशे शब्द लिहिले, दोन अॅपची नावं दिली, दोन सालं दिली, खिडकीचा उल्लेख कुठंच नव्हता. खुर्ची फिरवली. नानांनी डोळे मिचकावले. वर्तुळ हिरवं झालं, आणि थोड्याच वेळात प्रमाण क्रमांकाचा एसएमएस आला. नानांनी तो मोठ्यानं वाचला, मग काकींना वाचायला लावला.

"म्हणजे झालं? मी आहे?"

"आहात. पुढच्या नोव्हेंबरपर्यंत."

"पुढच्या वर्षी परत यशील ना?"

"येईन की."

"मी असेन असं धरून चालली आहेस, बरं वाटलं." मग कात्रण माझ्या हातात देत म्हणाले, "परत लिहिलंस तर हे सगळं राहू दे. एवढंच लिही, खिडकीकडे पाठ करून बसू नका."

लिहिलं. पहिलंच वाक्य. संपादकांनाही या वेळी ते तांत्रिक वाटलं. रविवारी सव्वासातला फोन वाजला.

"मॅडम, आमच्याकडे दोन खिडक्या आहेत. एक पूर्वेची, एक पश्चिमेची. कुठली धरायची?"