पीक विमा पाहिजे ना? मग आधी शेती विसरा

भाऊ, येवल्याकडं मका टाकलाय, विमा पण भरलाय, आणि वरून तीस वर्षांचा अनुभव? अवघड केलंत राव. फॉर्मला सातबारा लागतो, आधार लागतं, पासबुक लागतं, अनुभवाचा रकानाच नाही त्यात. विमा रकमेच्या 2 टक्के खरिपाला तुम्ही भरायचे, आणि परवा पुण्यातली नोकरी सोडून व्हिडिओ बघत बघत पेरणी केलेल्या दादानेही 2 टक्केच. याला म्हणतात समानता.

तर पहिलं काम, गावातल्या नानांना वावरात फिरकू देऊ नका. लई डेंजर माणूस. सकाळी सकाळी मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, बोट घालून लष्करी अळीची विष्ठा बघणार, कणसाचा दाणा नखाने उकरून बुडाशी काळा ठिपका, म्हणजे दाणा पिकल्याची खूण, आला का बघणार, तो आल्याशिवाय कापू देणार नाही, आणि असल्या उद्योगांनी होतं काय तर पावसाने ताण दिलेल्या वर्षातही त्यांच्याकडं चार पोती निघतातच.

आता हिशोब बघा. तुमच्या महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाच्या, मागच्या 7 वर्षांतली चांगल्या उत्पादनाची 5 धरायची, त्यांची सरासरी काढायची, तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन, मंडळ त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. समजा सरासरी एकरी 20 क्विंटल, उंबरठा 14. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे मंडळातली काही शेतं निवडून तिथलं पीक कापून मोजतात त्यात, मंडळाचं 14.2 आलं की अख्ख्या मंडळाला ठेंगा, ज्याचा मका उभा जळाला त्यालाही. हे पॉइंट दोन कुणाचं पाप? नानांचं! म्हणून कापणी प्रयोगाला दादाचाच गट नंबर निघावा म्हणून मारुतीला नारळ फोडून ठेवा.

अमेरिकेत म्हणे ज्याच्या त्याच्या शेताचा 4 ते 10 वर्षांचा रेकॉर्ड बघतात, आणि पीक घेत आलेल्याने कागदच दाखवले नाहीत तर त्या भागाच्या ठरलेल्या उत्पादनाचे 65 टक्केच धरतात. असले भेदभाव आपल्याकडं नकोत. शिवाय रेकॉर्ड ठेवायचं म्हणजे वही आली, आणि आपली वही उधारीने आधीच भरलेली.

पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांनी दात काढू नयेत. तुमचा विमा तर हवामान केंद्राच्या नोंदीवर. तुम्ही बॅटरी घेऊन पानाखाली डावणी रोग शोधत बसा, मंडळातल्या त्या यंत्राने पाऊस नोंदवला नसेल तर तुमच्या बागेत पाऊस पडलेलाच नाही, भिजलेला शर्ट वाळत घाला आणि गप पडा.