नेब्रास्काकर यांना उत्तर: सेबन असे का गेले

नमस्कार नेब्रास्काकर,

तुमची प्रतिक्रिया येऊन दोन दिवस झाले. घाईघाईत दोन ओळी खरडण्यापेक्षा नीट बसून लिहावं म्हणून थांबले.

अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच निक सेबन यांच्या निवृत्तीवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एवढ्या मोठ्या कोचने जाताना सगळ्यांना आधी कल्पना द्यावी, तुमच्या नेब्रास्काचे कोच टॉम ऑसबर्न यांनी दिली तशी. सेबननी १० जानेवारी २०२४ ला दुपारी चार वाजता टीमला बोलावलं आणि विषय संपवला. तीनच आठवड्यांपूर्वी संघात येण्यासाठी ज्या पोरांच्या सह्या घेतल्या, त्यांना वाऱ्यावर सोडलं. वर ‘खेळाडू आता पैशांचंच विचारतात’ ही तक्रार, आणि स्वतःचा पगार मात्र वर्षाला १ कोटी १० लाख डॉलरच्या वर. शेवटी तुम्ही लिहिलंय की मी टस्कलूसात, म्हणजे याच अलाबामा विद्यापीठात, शिकले, म्हणून मला यात काही वावगं दिसत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. हो, मी टस्कलूसात शिकले, आणि अलाबामाचा सामना असला की आजही दुसरं काही सुचत नाही. त्या बुधवारी बातमी कळल्यावर मी बर्मिंगहॅमहून गाडी काढून सरळ तिकडे गेले. तासाभराचा रस्ता. स्टेडियमबाहेर सेबन यांचा पुतळा आहे. त्याच्या पायाशी फुलं होती, कोकच्या बाटल्या होत्या आणि ‘ओटमील क्रीम पाय’ या गोड बिस्किटांची पाकिटं होती. सेबन रोज सकाळी यातले दोन खातात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ ती पाकिटं एका ओळीत, देवापुढे विडे मांडावेत तशी मांडत होते. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, “हे तरी आम्हाला काही वर्षं लाभतील.”

या वाक्याचा अर्थ अलाबामाबाहेर चटकन कळत नाही. बेअर ब्रायंट यांनी कोच म्हणून २५ हंगाम इथे काढले, सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं जिंकली. १५ डिसेंबर १९८२ ला त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि २९ डिसेंबरला मेम्फिसमध्ये लिबर्टी बोल (हंगामाअखेरच्या खास सामन्यांना इथे ‘बोल’ म्हणतात) हा शेवटचा सामना जिंकला, इलिनॉयविरुद्ध २१-१५. तुम्हाला हवा तसाच निरोप झाला तो. आणि २६ जानेवारीला ते गेले. शेवटच्या सामन्यानंतर अवघे २८ दिवस. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमच्या एल्मवुड दफनभूमीकडे अंत्ययात्रा निघाली तेव्हा हायवेच्या कडेला आणि पुलांवर माणसं उभी होती. त्या संध्याकाळी मी ज्या रस्त्याने आले, तोच हा रस्ता. इथल्या जुन्या माणसांच्या मनात निवृत्ती आणि ती अंत्ययात्रा एकाच धाग्यात ओवली गेली आहे. ७२ वर्षांचा कोच स्वतःच्या पायांनी, धडधाकट बाहेर पडला, याचंच त्यांना अप्रूप होतं.

आता ऑसबर्न. त्यांच्याबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. डिसेंबर १९९७ मध्ये सांगितलं, ऑरेंज बोलमध्ये टेनेसीला ४२-१७ असं धुतलं, मिशिगनबरोबर विभागून अजिंक्यपद घेतलं, आणि २५ हंगाम, २५५ विजयांनंतर संघ आपल्या सहायकाच्या, फ्रँक सॉलिच यांच्या हाती दिला. यात खोट काढायला जागा नाही. पण तेव्हाचे नियम आठवून बघा. कॉलेज बदललं तर खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, त्यामुळे कुणी सहसा हलायचं नाही. नव्या मुलांच्या सह्या फेब्रुवारीत व्हायच्या, म्हणजे डिसेंबरातली घोषणा ऐकून, विचार करून सही करायला त्यांना दोन महिने मिळायचे. खेळाडूने जाहिरातींसाठी आपलं नाव आणि छबी देऊन पैसे घेणं तर नियमाबाहेरच होतं.

आज यातलं काही उरलेलं नाही. २०२१ पासून मुलांना बाहेर न बसता एकदा कॉलेज बदलता येऊ लागलं, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून पैसेही रीतसर मिळू लागले. २०२३ च्या हंगामात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी, ४ डिसेंबरला उघडलं ते २ जानेवारीपर्यंत. अलाबामाने २ डिसेंबरला जॉर्जियाला २७-२४ हरवून एसईसी या आपल्या विभागीय लीगचं विजेतेपद घेतलं आणि १ जानेवारीला रोझ बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या उपांत्य सामन्यात, मिशिगनशी गाठ होती. ऑसबर्न यांच्यासारखं सेबननी डिसेंबरात तोंड उघडलं असतं, तर सरावाच्या त्या चार आठवड्यांत प्रत्येक खेळाडूचा फोन वाजत राहिला असता. ज्या पोरांनी ऑबर्नमध्ये चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, ३१ यार्डांची गरज असताना टचडाउन काढून सामना फिरवला, त्यांना एकत्र राहून एक शेवटचा प्रयत्न करता आला, तो कोच गप्प राहिले म्हणूनच. हरले ते, ओव्हरटाइममध्ये २७-२०. पण पूर्ण ताकदीने खेळून हरले.

तुम्ही वानखेडेचाही दाखला दिलाय. सचिनने महिनाभर आधी सांगितलं, सगळ्यांना डोळे भरून बघता आलं, हे खरंच. मीही तेव्हा रात्र जागून रडले होते. पण सचिनच्या जाण्यावर कुणा अठरा वर्षांच्या मुलाचं कॉलेज ठरणार नव्हतं. कोचच्या जाण्यावर ठरतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या एका सहकारणीचा मुलगा हायस्कूलला लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, होता. एका कॉलेजचे कोच तिच्या घरी आले, त्या संध्याकाळी मी तिथेच होते. टेबलावर मक्याची भाकरी, बीन्स, तिने सकाळपासून खपून केलेलं बार्बेक्यू. गृहस्थ गोड बोलत होते. मुलाच्या आजीच्या तब्येतीची चौकशी झाली, अभ्यासाचं झालं, मैदानाचे फोटो झाले. मग ते सहज म्हणावं तसं म्हणाले, “त्या दुसऱ्या कॉलेजला जाल तर विचारून घ्या, त्यांचे कोच अजून किती वर्षं आहेत.” बस, एवढंच. सहकारीण हातातला चमचा तसाच धरून बसली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कॉलेजची माणसं आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न हाच होता. सेबन स्वतः सांगतात की शेवटच्या काळात प्रत्येक घरात त्यांना हे विचारलं जायचं, आणि ‘मी आहे’ असं मनापासून सांगणं दिवसेंदिवस जड जात होतं. ज्या दिवशी ते सांगवेना, त्या दिवशी थांबणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

आधी कळवून टाकण्याचं टोक बघायचं तर फ्लोरिडा स्टेट बघा. तिथले कोच बॉबी बोडन यांचे वारस म्हणून जिंबो फिशर यांचं नाव २००७ च्या डिसेंबरातच जाहीर झालं. पुढची दोन वर्षं टीमला दोन मालक. २००९ संपताना बोडन यांना आणखी एक हंगाम हवा होता, तो मिळाला नाही. ३४ हंगाम उभा केलेला संघ त्यांना मनाविरुद्ध सोडावा लागला. गेटर बोल जिंकून गेले ते, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, तरी ती खंत कुणाला लपवता आली नाही. आणि ठरवून वारसा दिला म्हणून वारसाचं भलं होतंच असंही नाही. सॉलिच यांना ५८ विजय आणि १९ पराभव असताना २००३ मध्ये काढलं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय.

निवृत्ती सांगितली त्या दिवशी सेबन सहायकांच्या मुलाखती घेत होते, म्हणजे त्यांनी सगळ्यांना अंधारात ठेवलं, असा तुमचा आरोप आहे. मला त्यातून उलटं दिसतं. जो माणूस जायचं ठरवून बसलाय, तो पुढच्या हंगामासाठी माणसं शोधत बसेल का? बैठकीला पाच मिनिटं उरेपर्यंत आपलं ठरत नव्हतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. आणि मग आधी टीमसमोर उभं राहून तोंडाने सांगितलं. मायामी डॉल्फिन्स सोडताना त्यांनी ‘मी अलाबामाला जाणार नाही’ असं म्हणून काही दिवसांत इथली नोकरी धरली होती. ते चुकीचंच होतं, आणि त्याचं समर्थन मी आजवर कधी केलेलं नाही. पण यावेळी ते दुसऱ्या कुठल्या संघाकडे गेले नाहीत.

पैशांच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. लाखभर माणसं तिकीट काढून ज्या पोरांना बघायला येतात, त्यांनी ‘मला किती मिळणार’ विचारलं तर त्यात वाईट काय? माझ्या सहकारणीच्या घरात दोन नोकऱ्या करून कर्ज फिटत नव्हतं. सेबन स्वतः वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात, वडिलांच्या पेट्रोल पंपावर गाड्या धुवून वाढले. गाडीवर एक ओघळ दिसला तरी वडील ती पुन्हा धुवायला लावायचे. त्या घरातून आलेल्या माणसाने राजधानी वॉशिंग्टन डीसीत नेत्यांच्या शेजारी बसून मुलांच्या पैशांबद्दल खंत करावी, हे मला रुचलं नाही. मूळ लेखात हे लिहायला हवं होतं.

आणि सह्यांचं. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. २० डिसेंबरला ज्यांनी सह्या केल्या, त्यातले बरेच जण सेबन यांच्याकडे बघून आले होते. ज्युलियन सेइन तर जानेवारीत कॉलेजात येऊन दाखलही झाला होता. एकही सामना न खेळता ओहायो स्टेटला गेला. कॅलेब डाउन्सही तिकडेच गेला. डाउन्सला खेळून वर्ष झालं होतं, त्याला हवं ते निवडता आलं. नुकत्याच आलेल्या मुलांचं तसं नव्हतं. घर सोडून, सामान लावून आठवडा होत नाही तोवर पुन्हा बॅगा. शिवाय झळ टस्कलूसापुरती राहिली नाही. दोन दिवसांत केलन डिबोअर वॉशिंग्टन विद्यापीठाचा संघ सोडून इथे कोच म्हणून आले, वॉशिंग्टनने ॲरिझोनाचा कोच उचलला, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचा. त्या तीन कॉलेजांतल्या मुलांनी तर सेबन यांना प्रत्यक्ष पाहिलंही नसेल.

सह्या फेब्रुवारीतच राहिल्या असत्या तर निम्मं दुखणं झालंच नसतं, हे माझं मत कायम आहे. पण नियम चुकीचा होता म्हणून त्या मुलांची कळ कमी होत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ‘यात कुणाचं नुकसान झालं नाही’ असं एक वाक्य माझ्या लेखात तिसऱ्या परिच्छेदात होतं. ते आज सकाळी काढून टाकलं, आणि तुमच्या प्रतिक्रियेमुळे काढलं अशी नोंद तिथे केली आहे.