डोहाचं नाव मी सांगत नाही

पाऊस सुरू झाला की आमच्या माहेरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दरवर्षी एकच वाद पेटतो आणि मी दरवर्षी ठरवते की यावेळी आपण बोलायचं नाही. यंदा सुरुवात दादाने केली. कुठल्यातरी धबधब्यावरच्या तुडुंब गर्दीचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, या लोकांना अक्कल नाही, सरसकट बंदी घाला, पोलीस उभे करा आणि दोन-दोन फटके द्या. त्यावर वहिनी, मामा, भांडुपच्या जुन्या बिल्डिंगमधल्या काकू, सगळ्यांचे अंगठे. आतेभाऊ ट्रेकवाला, त्याचं म्हणणं वेगळं, की बंदी नको पण लोकेशन टाकणाऱ्यांना आवरा, रीलवाल्यांनी सगळ्या जागा नासवल्या, चांगल्या जागा लपवूनच ठेवायला हव्यात. मी इथे इंग्लंडमधे, स्टॉकपोर्टला, लेकीचा डबा भरत होते, हातातला चमचा तसाच ठेवला आणि टाइप करायला बसले.

कारण दोनशे मेसेज झाले तरी पोहायला कोणाला येतं हे एकानेही विचारलं नव्हतं.

३० जून २०२४ चा भुशी डॅमजवळचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. पुण्याचं एक कुटुंब, रविवारी फिरायला आलेलं, पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं आणि काठावर लोक ओरडतायत. पाच जण गेले, त्यात चार लहान मुलं. मी तो इथे रात्री एकदाच बघितला, परत नाही बघू शकले. त्यानंतर प्रशासनाचे मनाई आदेश निघाले, आणि तेव्हाही दादाने हेच लिहिलं होतं, लोकांना अक्कल नाही. मला त्या वाक्याचा राग येतो. त्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही टिकला नसता हे मान्य, पण पाणी वाढायला लागलंय हे कसं ओळखायचं ते त्यांना कधी कोणी सांगितलं होतं का? पाणी गढूळ व्हायला लागलं, काड्या नि पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की वर डोंगरात पाऊस झालाय, असाल तिथून बाहेर निघायचं. हे माझ्या आजीला माहीत होतं. ती माणगावकडची, शाळेत कधी गेली नाही. त्यांच्या गावात साती आसरांचा डोह होता, तिथे भर दुपारी आणि तिन्हीसांजेला कोणी उतरायचं नाही, आसरा ओढून नेतात. आम्ही मुंबईची मुलं हसायचो. मोठेपणी मामाने सांगितलं की त्या डोहात एका बाजूला खडकाखाली कपार होती, पाणी आत ओढायचं, आणि गावातल्या प्रत्येक पोराला ती कुठली बाजू ते माहीत होतं. म्हणजे आसरांच्या निमित्ताने गाव पुढच्या पिढीला डोहाची माहितीच देत होतं. आम्ही शहरात आलो, आसरा गेल्या आणि त्यांच्याबरोबर माहितीपण गेली, त्या जागी आता एक गंजका बोर्ड आहे.

आमच्या पिकनिका म्हणजे सकाळची कर्जत लोकल, भिवपुरी रोडला उतरायचं, चिखलातून चालत धबधब्याला. बाबा, काका, दादा, सगळे पुरुष पाण्यात. आई, काकू, मी आणि चुलत बहिणी खडकावर, पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत भिजलेले, मांडीवर पिशव्या आणि समोर सगळ्यांच्या चपलांची रांग. कोणी अडवलं नव्हतं, पण कोणी बोलावलंही नव्हतं. मुलुंडच्या पालिकेच्या तलावाचा फॉर्म बाबांनी एकदा आणलेला, माझ्यासाठीच, तो कपाटावर राहिला, मग दहावी आली, मग क्लास, मग सगळंच. मी सदतिसाव्या वर्षी पोहायला शिकले, इथल्या लेझर सेंटरमधे, म्हणजे खेळ-व्यायामाच्या सार्वजनिक केंद्रात, मंगळवारच्या बिगिनर्स बॅचला. माझ्या लेनमधे एक बहात्तर वर्षांच्या आजी होत्या, त्या माझ्याआधी शिकल्या.

लेक इयर फोरला, म्हणजे आठ-नऊ वर्षांची आहे, शाळाच तिला पोहायला घेऊन जाते. इंग्लंडच्या अभ्यासक्रमातच आहे की प्रायमरी संपेपर्यंत मुलाला निदान २५ मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाण्यात पडलं तर स्वतःला वाचवता आलं पाहिजे. आरएनएलआय, म्हणजे इथली बुडणाऱ्यांना वाचवणारी संस्था, ते सांगतात की गार पाण्यात पडलात तर हातपाय मारू नका, पाठीवर तरंगत राहा, श्वास ताब्यात येऊ दे, मग पुढचं. गार पाण्याने पहिला मिनिटभर माणूस नुसता धापा टाकतो आणि त्यातच पाणी छातीत जातं, हे माझी लेक मला समजावून सांगते. हे मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर आलं, मग तुमच्याकडे कोणी बुडतच नसेल.

बुडतात. दर उन्हाळ्यात चार दिवस कडक ऊन पडलं की रिझर्व्हॉयरमधे उडी मारलेली कोवळी पोरं जातात, तिथेही बोर्ड असतात. मी त्याला स्कॉटलंडचा २००३ चा कायदा सांगितला, की तिकडे जबाबदारीने वागलं तर नदीत, तळ्यात पोहायचा हक्कच आहे लोकांना. मी राहते इंग्लंडमधे, आणि इथल्या २००० च्या कायद्याने डोंगर-माळावर चालायचा हक्क दिला पण तिथल्या पाण्यात पोहायचा दिला नाही, हे मी गाळलं. वादात जिंकायचं होतं म्हणून गाळलं.

पण माझा मुद्दा सोडायला मी तयार नाही. इथे जवळ किंडर स्काउट म्हणून पठार आहे, २४ एप्रिल १९३२ ला, रविवारी, मँचेस्टरची कामगार पोरं जमीनदारांची बंदी मोडून त्यावर चढली होती, शिकारीसाठी राखलेला डोंगर होता तो. पाच जण तुरुंगात गेले. पुढे १९५१ मधे देशातलं पहिलं नॅशनल पार्क इथेच झालं. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते, आठवडाभर साच्यावर उभं राहायचं आणि रविवार एकच. त्यामुळे गर्दी गर्दी म्हणून नाक मुरडलेलं मला सहन होत नाही. ती गर्दी म्हणजे आम्हीच की. टू बीएचकेत सहा माणसं राहणाऱ्यांनी एक दिवस पाणी बघायला जाऊ नये का? आणि नीट करायचं ठरवलं तर आपल्याकडेही होतं. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं की खाली कोलाडला त्याच कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, लाइफ जॅकेट, हेल्मेट, सोबत शिकलेली माणसं. तिकडे वर देवकुंड धबधब्याला मात्र पावसाळ्यात बंदी, आणि ज्यांना वाट नि पाणी दोन्ही पाठ आहे ती गावातली पोरं घरी बसून. तिकीट काढणाऱ्याला जॅकेट आणि बाकीच्यांना काठी, असंच ना?

आता आतेभावाचं, जागा लपवण्याचं. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडले, स्वार्थी म्हणाले त्याला. आणि मागच्या महिन्यात काय झालं ते मी ग्रुपवर लिहिलेलं नाही.

त्याच नॅशनल पार्कातल्या डरवेंट खोऱ्यात फेअरहोम्सला गाडी लावून हाउडन धरणाच्या कडेकडेने चालत गेलं की दोनेक तासांनी स्लिपरी स्टोन्स येतं. तिथे एक जुना दगडी पूल आहे, मूळचा डरवेंट गावातला. ते गाव लेडीबावर धरणाखाली गेलं, पूल दगड दगड सुटा करून काढला आणि १९५९ मधे इथे परत बांधला. मला तिथे दर वेळी मुळशी धरणाखाली गेलेली गावं आठवतात, तिकडचं कोणी काही काढून आणलं नाही. तर स्लिपरी स्टोन्स सगळ्यांना माहीत आहे, पण तिथून पुढे आणखी एक डोह आहे, ओढ्याच्या वळणावर, ब्रॅकनमधून, म्हणजे नेच्याच्या रानातून, वाट काढत जावं लागतं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, जुलैतही १४ डिग्री. तिथे मी पाठीवर पडून राहते, कानात पाणी, वर ढग, आणि मला कोणी बघत नाही. मी कोणाची सून नाही, कोणाची आई नाही आणि इथल्या ऑफिसातली इंडियन बाईपण नाही. चपला राखायच्या नाहीत. एवढ्यासाठी मी जाते.

त्या दिवशी मी बाहेर येऊन ड्रायरोब, म्हणजे पोहून झाल्यावरचा उबदार झगा, घालत होते आणि खालून गाण्यांचा आवाज आला, मग पाच मुलं आली, स्पीकर, चिप्सच्या पिशव्या. मराठी बोलत होती. एकाने इंग्लिशमधे विचारलं, खोल आहे का. मी इंग्लिशमधेच म्हणाले, हो, मधे. आणि लेकीला गप्प राहायची खूण केली. का केली? मला वाटलं, झालं, ही पण जागा गेली आता. दादा जे वाक्य लिहितो तेच माझ्या मनात आलं, अक्षरशः तेच.

आम्ही निघालो. पुलापर्यंतही पोचलो नव्हतो तर लेक म्हणाली, आई, त्यातल्या दोघांना पोहता येत नाही, ते एकमेकांना सांगत होते. तिला मराठी कळतं हे मी विसरलेच होते. मी परत गेले, जवळजवळ पळत. एक जण कमरेपर्यंत आत गेलेला, ओठ निळे. मी ओरडले, अरे थांब, पुढे पाय टेकणार नाहीत, मागे ये. तो वळून बघतच राहिला. मग तासभर तिथेच थांबलो, मी त्यांना उथळ बाजू दाखवली, माझा टो-फ्लोट, म्हणजे कमरेला बांधायचा तरंगता फुगा, दिला, लेकीने सगळ्यांना पाठीवर तरंगायला लावलं आणि पोरं थरथरत हसत होती. ठाण्याची निघाली, मास्टर्सला आलेली. निघताना एक जण म्हणाला, ताई, तुम्ही आधी बोलला का नाहीत मराठीत? मी म्हटलं, लक्षात नाही आलं.

तासाभराने घरी यायला निघालो तेव्हा लेकीने पाण्यात काढलेला फोटो ग्रुपवर टाकला. आतेभावाने बदाम टाकला. दादाने लिहिलं, मस्त जागा आहे गं, डिसेंबरात आम्ही येतोय तेव्हा जाऊ, लोकेशन टाक.

त्याला पोहायला येत नाही, भिवपुरीलाही तो गुडघाभर पाण्यातच नाचायचा. मी अजून लोकेशन टाकलेलं नाही. लेझर सेंटरच्या मंगळवारच्या बॅचची लिंक टाकलीय.