कुपीतला डोस आणि गाठीतला डोस

यकृताच्या कॅन्सरवर आतून किरणोत्सर्ग देण्याच्या उपचाराबद्दल एक लांबलचक मेसेज पेशंटच्या नातेवाइकांमध्ये फिरतोय. त्याचा सारांश असा: "हा उपचार दोन मोठ्या चाचण्यांत नापास झालाय. डोसचा आणि गाठ मरण्याचा काही संबंध नाही, सगळ्यांना सरसकट एकाच हिशोबाने देतात. डोस वाढवला तर गाठीआधी लिव्हर जळतं. महिन्याभराने स्कॅन केलं तरी गाठ तेवढीच दिसते. एकदा मणी आत सोडले की ते कुठे गेले हे कोणालाच कळत नाही. आणि पेशंट घरी येऊन सगळ्यांना रेडिएशन देत बसतो."

यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणून ते वाचणाऱ्याला पटतं. मात्रेची ही गणितं माझ्या रोजच्या कामातली आहेत. असं काही वाचून कोणी चांगला पर्याय नाकारला तर गेलेला वेळ परत मिळत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

त्याआधी उपचार काय आहे ते पाहू. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. यकृतातली कॅन्सरची गाठ मात्र बहुतेक सगळं रक्त यकृताच्या धमनीतून ओढते. या फरकाचा फायदा घेऊन मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी त्या धमनीपर्यंत नेतात आणि इट्रियम-९० हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असलेले काचेचे किंवा रेझिनचे सूक्ष्म मणी सोडतात. काचेचे मणी २० ते ३० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. ते गाठीच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि तिथूनच बीटा किरण सोडतात. हे किरण ऊतीमध्ये सरासरी अडीच मिलिमीटर, फार तर ११ मिलिमीटर जातात. इट्रियम-९०चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा वेळ, ६४ तासांचा, त्यामुळे ११ दिवसांत जवळजवळ ९४ टक्के मात्रा देऊन झालेली असते.

आता 'दोन चाचण्यांत नापास'. चाचण्या खऱ्या आहेत. फ्रान्समधली 'सारा' चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि आशिया-पॅसिफिक देशांमधली 'सर्व्हेनिब' २०१८ साली. दोन्हींत पुढच्या टप्प्यातल्या यकृत-कॅन्सरसाठी रेझिनचे मणी आणि सोराफेनिब या कॅन्सरवरच्या औषधाच्या गोळ्या यांची तुलना होती. 'सारा'मध्ये मणी मिळायचे होते त्या गटाचं मध्यमान आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ८.० महिने भरलं, गोळ्यांच्या गटाचं ९.९ महिने. 'सर्व्हेनिब'मध्ये ८.८ आणि १०.० महिने. मणी सरस ठरले नाहीत, हे सरळ मान्य करायला हवं.

मेसेज मात्र इथेच थांबतो. 'सारा'मध्ये मण्यांच्या गटातल्या पाचातल्या एकाहून जास्त जणांना ते मणी मिळालेच नाहीत, तरी त्यांची गणना त्याच गटात झाली. चाचणीच्या नियमाप्रमाणे ते योग्यच आहे, पण निकाल वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती मणी द्यायचे हे तिथे मुख्यतः पेशंटच्या शरीराच्या पृष्ठफळावरून, म्हणजे उंची आणि वजनावरून ठरत होतं. गाठीने प्रत्यक्षात किती ग्रे (ऊतीने शोषलेल्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) शोषले, हे लक्ष्य ठेवून कोणी मात्रा आखलेली नव्हती. नंतर त्याच पेशंटच्या स्कॅनवरून हिशोब केला, तेव्हा ज्यांच्या गाठीला १०० ग्रे किंवा जास्त मिळाले होते त्यांचं मध्यमान आयुष्य १४.१ महिने निघालं. १००पेक्षा कमी मिळालेल्यांचं ६.१ महिने.

हा हिशोब मागाहून केलेला आहे, त्यामुळे तो पुरावा म्हणून कच्चा. ज्यांच्या गाठीत मणी चांगले साठले त्यांचा आजारच मुळात सौम्य असेल, ही शंका रास्त आहे. तिचं बरंचसं उत्तर 'डोसिस्फिअर' या चाचणीने दिलं. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. चार फ्रेंच केंद्रांवरचे ६० पेशंट, प्रत्येकाला किमान ७ सेंटिमीटरची एक तरी गाठ, आणि उपचार काचेच्या मण्यांचा. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला ठरलेल्या पद्धतीने यकृताच्या त्या भागाला सरासरी १२० ग्रे, दुसऱ्याला मुख्य गाठीला किमान २०५ ग्रे मिळतील अशी माणसागणिक आखलेली मात्रा. तीन महिन्यांनी गाठीने प्रतिसाद दिला तो पहिल्या गटात ३६ टक्के जणांमध्ये, दुसऱ्यात ७१ टक्के. मध्यमान आयुष्य १०.७ महिन्यांवरून २६.६ महिन्यांवर गेलं. चाचणी लहान होती आणि आयुष्यमान हा तिचा मुख्य निकष नव्हता, तरीही मणी तेच, आजार तोच आणि फरक मात्रा आखण्याचा. 'डोसचा संबंध नाही' हे विधान यापुढे टिकत नाही. दोन चाचण्यांवरून अख्खा उपचार बाद करणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

'सगळ्यांना एकाच हिशोबाने देतात' हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एक खरी उणीव सापडते. ढोबळ हिशोब आजही होतात. ते का पुरत नाहीत हे आकड्यांत दाखवतो. सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल, आणि असे एक अब्ज म्हणजे एक गिगाबेकरेल. एक किलो ऊतीत १ गिगाबेकरेल इट्रियम-९० समान पसरलं तर सुमारे ५० ग्रे मात्रा मिळते. समजा, यकृताचा उपचार करायचा भाग बरोबर एक किलोचा आहे आणि त्यात २.४ गिगाबेकरेल सोडले. सरासरी १२० ग्रे. रिपोर्टवर हाच आकडा येईल. आता त्या किलोत २०० ग्रॅमची गाठ आहे आणि ती निरोगी ऊतीच्या चौपट मणी ओढते असं धरा. मग गाठीला ३०० ग्रे मिळतील आणि निरोगी भागाला ७५. दुसऱ्या पेशंटची गाठही २०० ग्रॅमचीच, पण तिला रक्तपुरवठा कमी, ती निरोगी ऊतीइतकेच मणी घेते. तिथे गाठीलाही १२० आणि निरोगी यकृतालाही १२०. कुपी तीच, कागदावरचा आकडा तोच. एकाची गाठ मरायची शक्यता चांगली, आणि दुसऱ्याच्या यकृताला इजा होऊन गाठ शिल्लक.

म्हणून उपचाराआधी एक तालीम करतात. स्कॅनमध्ये दिसणारं टेक्नेशियम लावलेले अल्ब्युमिन या प्रथिनाचे कण त्याच धमनीत, त्याच जागी सोडतात आणि स्कॅन काढतात. कण गाठीत किती गेले, निरोगी यकृतात किती, फुप्फुसांकडे किती निसटले, हे त्यावरून दिसतं. फुप्फुसांना एका उपचारात ३० ग्रेपेक्षा जास्त जाऊ नयेत, ही रूढ मर्यादा आहे. तालमीतलं चित्र आणि प्रत्यक्षातलं चित्र तंतोतंत जुळेलच असं नाही. नळीचं टोक थोडं जरी सरकलं तरी प्रवाह बदलतो. पण न पाहता देण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पेशंटच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावं तेही हेच: गाठीला किती ग्रे अपेक्षित आहेत, निरोगी यकृताला किती, फुप्फुसांना किती. तीन वेगळे आकडे.

एक सावधगिरी. काचेच्या मण्यांचे २०५ ग्रे आणि रेझिनच्या मण्यांचे १०० ग्रे शेजारी ठेवून 'इथे दुप्पट देतात' असं म्हणता येत नाही. काचेच्या एका मण्यात सुरुवातीला सुमारे २५०० बेकरेल असतात, रेझिनच्या मण्यात ५०च्या आसपास. त्यामुळे तितक्याच मात्रेसाठी रेझिनचे मणी संख्येने खूप जास्त लागतात आणि ते अधिक सारखे पसरतात. काचेचे कमी, पण प्रखर. गाठीत कुठे फार, कुठे थोडं असं होतं. म्हणून दोन्हींचे उंबरठे वेगळे. बाहेरून मशीनने देतात त्या रेडिएशनच्या ५०-६० ग्रेशी तुलना तर आणखी फसवी, कारण इथे मात्रा हळूहळू, दिवसेंदिवस मिळते.

'डोस वाढवला तर लिव्हर जळतं.' कुठे वाढवला, यावर सगळं अवलंबून आहे. निरोगी यकृताच्या मोठ्या भागाला जास्त मात्रा गेली तर इजा होते, हे खरंच आहे. उपचारानंतर साधारण एक-दोन महिन्यांत कावीळ आणि पोटात पाणी, आणि गाठ मात्र वाढलेली नाही, असं तिचं चित्र असतं. सिरोसिस असेल, रक्तातलं बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आधीच २ मिलिग्रॅमच्या वर असेल, तर धोका जास्त. अशा पेशंटला काही वेळा हा उपचार नाकारावा लागतो आणि ते योग्यच असतं. पण लहान, एकट्या गाठीसाठी नळी थेट त्या एका खंडाच्या फांदीत नेता येते. मग तेवढ्याच तुकड्याला ४०० ग्रेहून जास्त देतात. तो तुकडा गमवायचाच असतो, बाकीचं यकृत शाबूत राहतं. 'लेगसी' या अभ्यासात ८ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ असलेले १६२ पेशंट होते, मण्यांच्या भागाला मिळालेली मध्यमान मात्रा सुमारे ४१० ग्रे होती आणि तीन वर्षांनी ८६.६ टक्के पेशंट हयात होते. ही निवडक, चांगल्या प्रकृतीची माणसं होती. पण ४०० ग्रे म्हणजे लिव्हर संपलं, हे त्यांच्याबाबतीत खरं ठरलं नाही.

महिन्याभरानंतरच्या स्कॅनचं म्हणाल तर तो घाईचा असतो. किरणांनी इजा झालेल्या पेशी लगेच मरत नाहीत आणि मेलेली गाठही आकाराने बराच काळ तेवढीच राहते. आजूबाजूला सूज आली तर ती मोठीही वाटू शकते. म्हणून यकृताच्या गाठींसाठी सुधारित निकष वापरतात. त्यात धमनीच्या टप्प्यात रंगद्रव्य घेऊन उजळणारा, म्हणजे जिवंत भाग मोजतात. सहा सेंटिमीटरची गाठ सहाच सेंटिमीटर दिसत असेल आणि आत काहीच उजळत नसेल, तर तो उत्तम प्रतिसाद आहे. तीन महिन्यांचा स्कॅन येईपर्यंत निष्कर्ष काढू नका.

घरच्यांना रेडिएशनची भीती: बीटा किरण पेशंटच्या शरीरातच जिरतात, बाहेर निघतात ते क्षीण एक्स-किरण. काही दिवस लहान मुलांना आणि गर्भवतींना फार वेळ अगदी जवळ घेऊ नये, हात नीट धुवावेत, केंद्र सांगेल ते पाळावं. वेगळं ताट-वाटी, वेगळी खोली याची गरज सहसा पडत नाही.

राहिलं 'मणी कुठे गेले हे कोणालाच कळत नाही'. इट्रियम-९०च्या दर दहा लाख विघटनांमागे सुमारे ३२ पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखेच, पण धनभारित कण) बाहेर पडतात. इतकं अल्प प्रमाणही पॉझिट्रॉन टिपणाऱ्या पेट स्कॅनला पुरतं. उपचारानंतर लगेच स्कॅन केला तर गाठीच्या कोणत्या भागाने किती ग्रे शोषले याचा नकाशा मिळतो. गाठीचा एखादा कोपरा कोरडा राहिलेला दिसला, तर त्याला दुसऱ्या फांदीतून रक्त येतंय का हे शोधता येतं आणि यकृताची ताकद पाहून पुढची फेरी किंवा दुसरा उपचार ठरवता येतो. हा स्कॅन आपल्या पेशंटचा झालाय का आणि त्यावरून गाठीच्या मात्रेचा आकडा काढलाय का, हे फाइलमध्ये पाहून घ्या. नसेल तर मागा.