‘सहभाग महत्त्वाचा’ : अर्ध्या वाक्याचा पूर्ण इतिहास

ऑलिंपिक जवळ आलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. ‘जिंकणं नव्हे, सहभागी होणं महत्त्वाचं’ हे ऑलिंपिकचं ब्रीदवाक्य आहे, त्यात प्राचीन ग्रीकांचा विचार आहे, लंडनच्या मॅरेथॉनमध्ये कोसळलेल्या धावपटूला पाहून आधुनिक ऑलिंपिकचे जनक बॅरन पिएर द कुबेर्तँ यांना ते सुचलं, आणि हार-जीत मनावर घेऊ नये असा त्याचा अर्थ आहे, असं त्यात म्हटलेलं असतं. यातली एकही गोष्ट खरी नाही.

आधी ग्रीकांचं पाहू. प्राचीन ऑलिंपियात बक्षीस एकालाच मिळे, जंगली ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट. दुसऱ्या-तिसऱ्याला काहीही नाही. डेल्फीच्या स्पर्धांत हरलेले मल्ल लोकांची नजर चुकवत गल्लीबोळांतून घरी परततात, असं पिंडार या ग्रीक कवीने लिहून ठेवलंय. अशा लोकांच्या तोंडी हे वाक्य घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ब्रीदवाक्य तर वेगळंच आहे: ‘अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान’. ते फादर आंरी दिदों या फ्रेंच धर्मगुरूंचं. २०२१ मध्ये त्याला ‘एकत्र’ हा शब्द जोडला गेला.

आता मॅरेथॉन. २४ जुलै १९०८ रोजी, लंडन ऑलिंपिकमध्ये, इटलीचा धावपटू डोरांडो पिएत्री स्टेडियममध्ये पुन्हा पुन्हा कोसळला, पंचांनी त्याला आधार देऊन शेवटच्या रेषेपार नेलं आणि त्याच कारणाने तो बाद ठरला. ज्या भाषणात कुबेर्तँ यांनी सहभागाचं ते वाक्य उच्चारलं, ते त्यांनी त्याच संध्याकाळी एका मेजवानीत केलं. त्यामुळे गोष्ट जुळल्यासारखी वाटते. पण मूळ विचार कुबेर्तँ यांचा नव्हताच, आणि त्यांनी तो स्वतःच्या नावावर खपवलाही नाही. पेनसिल्व्हानियाचे बिशप एथेलबर्ट टॅल्बट यांच्या प्रवचनाचा त्यांनी त्याच भाषणात उघड उल्लेख केला. ते प्रवचन सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९ जुलैला झालं होतं, म्हणजे डोरांडो धावण्याच्या पाच दिवस आधी. अमेरिकन आणि ब्रिटिश पथकांत तेव्हा पंचांच्या निर्णयांवरून कडाक्याची भांडणं चालू होती. हिरवी पानं एकाच्याच डोक्यावर चढतील, पण झुंजीचा आनंद सगळ्यांचा, असं टॅल्बट यांनी खेळाडूंना सांगितलं. कुबेर्तँ यांचं नाव घेताना या माणसाला गाळलं जातं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी गफलत अर्थाची. कुबेर्तँ सहभागापाशी थांबले नाहीत. जिंकून दाखवणं नव्हे, तर नेटाने लढलेलं असणं हे सार आहे, असं ते पुढे म्हणाले. हा भाग कापला की उरते ती हरलेल्याची समजूत काढणारी ओळ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात वेम्बलीच्या फलकावर दोन्ही भाग झळकले होते. त्याच स्पर्धेत गोळेश्वरचे खाशाबा जाधव सहावे आले. मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटची फारशी सवय नव्हती. सहभाग झाला, आता पुरे, असं म्हणून ते थांबले नाहीत. पुढची चार वर्षं त्यांनी अंग मोडून मेहनत केली, पैशांसाठी दारोदार फिरले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लंडनमध्ये सहावे आलेले खाशाबाही त्या वाक्यात पूर्ण बसतात आणि हेलसिंकीतलेही. ‘निकालाची फिकीर नको’ या अर्थात मात्र दोघंही बसत नाहीत.