मिरवणुकीचा गिअर

जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचं ठरलं की माणसाला वाटतं, अवघड भाग संपला. माझी 1972 ची शेवरोले सी-10. मूळचं इंजिन सहा सिलिंडरचं, गिअरचा दांडा स्टीअरिंगला, गिअर तीन. त्या जागी सिल्व्हेराडोचं 5.3 लिटरचं व्ही-8 घालायचं. डॅलसकडच्या भंगारवाल्यांकडे ते मिळतं, पण बहुतेकदा ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट. मी म्हटलं, मला मॅन्युअल हवाय. पुरणपोळीवर केचप मागणाऱ्याकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

मग मतं सुरू झाली. गिअरबॉक्सबद्दल मत नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

शेजारचा म्हातारा म्हणाला, एसएम 465 घे. चार गिअर, ओतीव लोखंड, वजन ऐंशी किलोच्या घरात. तुटायचं नाव नाही. खरंय, पण त्याला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हायवेवर इंजिनाला निवांत फिरू देणारा वरचा गिअर, नाही. माझा मागचा एक्सल 3.73 चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.73 फेरे; टायर 28 इंची. म्हणजे ताशी 65 मैलांवर इंजिन 2900 आरपीएमने कोकलत राहणार. म्हाताऱ्याचं काय जातंय? तो कानातलं मशीन काढून ठेवतो.

चिरंजीवांचं मत टी-56. सहा गिअर, कॅमारोतला. सहाव्यात तेच 65 मैल साडेचौदाशेच्या आसपास. मी टेप घेऊन ट्रकखाली आडवा झालो, मापं घेतली, तर दांडा बरोबर सलग सीटच्या पोटात घुसत होता. "मग सीट बदलू ना, बाबा!" पैसे बापाचे असले की सगळंच बदलता येतं.

शेवटी साताऱ्याला काकांना व्हिडिओ कॉल लावला. उभा जन्म एसटी चालवण्यात गेलेला माणूस. एसएम 465 च्या पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअर खरखर न करता जुळवून देणारी कडी, नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला! "मग डबल क्लच मार की!" म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा. आणि पुढचा अर्धा तास खंबाटकी. ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. इथे घाट तर सोडाच, धड चढही नाही, हे सांगायची माझी प्राज्ञा नव्हती.

बायको एवढंच म्हणाली, "कुठलाही घे, पण गणपतीला ट्रक आपला द्यायचाय. मी मंडळाला सांगून बसलेय."

झालं. आता गणित मिरवणुकीचं. इंजिन 700 वर नुसतं घुटमळत असताना एसएम 465 पहिल्यात ताशी 2.4 मैल चालतो, क्लचला पायही लावायला नको. ढोलवाले रमतगमत येतील. टी-56 त्याच 700 वर जवळजवळ सहा मैल! लेझीमवाल्या बायका नऊवारी सावरत धावत सुटणार, नाहीतर मी संध्याकाळभर अर्ध्या क्लचवर बसणार आणि प्लेट जळल्याचा वास धुपात मिसळणार.

म्हणून निघाला तिसराच गिअरबॉक्स, पाच गिअरचा एनव्ही 4500. नव्वदच्या दशकातल्या मोठ्या पिकअपमधला. पहिल्या गिअरचं गुणोत्तर 5.61, पाचव्याचं 0.73. मिरवणुकीला 2.8 मैल, हायवेवर 2100 आरपीएम. वजन मात्र नव्वद किलोच्या आसपास, आणि पथ्य सासरेबुवांपेक्षा कडक: वाटेल ते गिअर ऑइल चालत नाही, जीएल-4 सिंथेटिकच लागतं. शिवाय या सिल्व्हेराडोच्या इंजिनाच्या क्रँकचं मागचं, गिअरबॉक्सकडचं टोक जुन्या शेवरोले व्ही-8 पेक्षा 0.4 इंच आखूड. करंगळीच्या नखाएवढं अंतर, पण त्यापायी स्पेसर आणा, लांब पायलट बेअरिंग आणा, वर प्रोपेलर शाफ्ट कापून घ्या.

एवढं जुळवल्यावर काकांना फोन केला. पहिल्यात गणपती, पाचव्यात हायवे! त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पहिल्यालापण सिंक्रो आहे?"

"हो, काका. पाचही गिअरना."

"मग त्यात चालवायचं काय?"